युरिया जिंकला, आता काय?

नमस्कार,

मी एका विद्यापीठात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला शाश्वत शेती शिकवते. वर्गात ३६ मुलं, सत्र १४ आठवड्यांचं, हाताशी इमारतीमागचा जमिनीचा एक तुकडा, साठेक कुंड्या आणि जेमतेम प्रयोगशाळा. नुसत्या व्याख्यानांना मुलं झोपतात म्हणून यंदा प्रत्यक्ष प्रकल्प ठेवले. चौघाचौघांचे नऊ गट, नऊ विषय. त्यातल्या एका गटाने मका लावला. काही कुंड्यांना युरिया, काहींना दोन-दोन मुठी कंपोस्ट, काहींना काहीच नाही. कंपोस्ट आम्हीच वाळका पाला आणि लाकडाचा भुसा घालून पाच आठवड्यांत केलेलं. सहा आठवड्यांनी युरियाचा मका गुडघ्याच्या वर गेला आणि कंपोस्टचा पिवळा पडला, काहीच न दिलेल्यापेक्षाही फिका! सादरीकरणाच्या दिवशी मात्र तक्त्यात कंपोस्ट पुढे. मी कुंड्या पाहिलेल्या होत्या, म्हणून विचारलं. गटातली मुलगी खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, तुम्हाला असंच हवं असेल असं वाटलं." तेवढ्यात मागून एक मुलगा म्हणाला, "खरे आकडे असे असतील तर हा विषय आपण शिकतो कशाला?" मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या सत्रासाठी हमखास यशस्वी होणारे दहा प्रकल्प सुचवाल का? आणि या गटाचं काय करू?

— निरुत्तर

प्रिय निरुत्तर,

दहा प्रकल्प देत नाही. दिले असते तर पुढच्या सत्रात तुम्हाला आणखी दहा खोटे तक्ते मिळाले असते. तुमच्या पत्रातला मला खुपलेला शब्द 'हमखास'. उत्तर आधीच ठरलेलं असेल तर मुलांना प्रयोग करायचं कारणच उरत नाही, त्या ठरलेल्या उत्तरापर्यंत आकडे नेऊन पोचवायचे एवढंच काम उरतं. त्या मुलीने तेच केलं आणि विचारल्यावर खरं कारणही सांगितलं. तिच्यावर रागवू नका. सत्रभर वर्गात कंपोस्टचं गुणगान झालं असणार, तिने त्याचा अर्थ बरोबर लावला.

आता त्या पिवळ्या मक्याकडे वळू, कारण तुमच्या नऊ प्रकल्पांतला सगळ्यात शिकवणारा निकाल तोच आहे.

कंपोस्टचा मका युरियापेक्षा मागे पडला यात नवल नाही. पण तो काहीच न दिलेल्या मक्यापेक्षाही फिका पडला, ही खरी खूण. म्हणजे कंपोस्टने नुसतं कमी दिलं असं नाही, मातीत होतं त्यातलंही काढून घेतलं. कोणी? मातीतल्या सूक्ष्मजीवांनी. त्यांच्या शरीरात कर्ब (कार्बन) आणि नत्राचं (नायट्रोजनचं) प्रमाण साधारण ८ ला १ असतं. खाल्लेल्या कर्बापैकी सुमारे दोन तृतीयांश ते श्वासावाटे जाळून टाकतात. म्हणजे ८ भाग अंगी लावायचे तर १६ भाग जाळायचे. एकूण २४ भाग कर्बामागे १ भाग नत्र लागणार. खाणं या प्रमाणातलं असेल तर त्यांचं भागतं. त्याहून नत्र जास्त असेल तर उरलेला पिकाला मिळतो. वाळक्या पाल्यात हे प्रमाण ५०-६० ला १ च्या घरात असतं आणि लाकडाच्या भुशात कित्येक शे ला १. पाच आठवड्यांत तुमचा ढीग काळपट दिसायला लागला असेल, पण आतला भुसा अजून भुसाच होता. तो कुंडीत गेल्यावर सूक्ष्मजीवांनी ताव मारला आणि कमी पडणारं नत्र मक्याच्या ताटातून उचललं. अर्धवट कुजलेलं खत घातलं की पीक पिवळं पडतं हे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. तुमच्या मुलांनी ते कुंडीत सिद्ध करून दाखवलं आणि मग लाजून खोडून टाकलं!

हे माझं निदान झालं. ते तपासता येतं, आणि ते मुलांनीच तपासावं. कंपोस्टच्या दोन कुंड्या घ्या. एकीला अर्धा ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून द्या, दुसरीला तेवढंच साधं पाणी. आठ-दहा दिवसांत पहिलीची नवी पानं हिरवी निघाली आणि दुसरीची पिवळीच राहिली, तर भूक नत्राचीच होती. दोन्ही पिवळ्याच राहिल्या तर मी चुकलो. मग मुळं उपसून बघा, निचरा बघा, सामू (मातीची आम्लता) मोजा. सल्ला देणाऱ्याचं म्हणणं खोटं ठरवायची संधी मुलांना फार आवडते, ती त्यांना द्या.

दुसरी गोष्ट, 'दोन-दोन मुठी'. मूठ कोणाची? युरियात ४६ टक्के नत्र असतं. चांगल्या कंपोस्टमध्ये, कोरड्या वजनावर, साधारण दीड टक्का धरा. पाच किलो मातीच्या कुंडीला ५०० मिलिग्रॅम नत्र द्यायचं ठरवलं, तर युरिया लागेल १.०९ ग्रॅम आणि कंपोस्ट लागेल ३३ ग्रॅम. कागदावर दोन्ही सारखे झाले. पण युरियाचं नत्र काही दिवसांत पिकाच्या तोंडाशी येतं, कंपोस्टचं बहुतांश सेंद्रिय रूपात अडकलेलं असतं. पहिल्या हंगामात त्यातलं दहा ते वीस टक्के सुटलं असं धरलं, तर मक्याला ५० ते १०० मिलिग्रॅमच मिळणार. मग तुलना कशाची करायची, दिलेल्या नत्राची की मिळालेल्या? दोन्ही उत्तरांना अर्थ आहे आणि दोन्हींचे प्रयोग वेगळे आहेत. हा वाद फळ्यावर तासभर होऊ द्या. माझ्या मते या विषयातलं ते सगळ्यात चांगलं व्याख्यान ठरेल, आणि ते तुम्हाला द्यावंही लागणार नाही.

आता त्या मुलाचा प्रश्न. तो उद्धट वाटला असेल, पण त्याच्यात दम आहे. सहा आठवडे हा 'शाश्वत' शब्दाला तपासायला फार तोकडा काळ. त्या कुंड्यांनी एवढंच सांगितलं की सहा आठवड्यांच्या शर्यतीत तयार नत्र पुढे असतं. ते खरंच आहे, नाकारायचं कशाला? पण मुलांनी मोजलं काय? उंची. कुंडीच्या तळातून काय वाहून गेलं, मातीत काय उरलं, पुढच्या पिकाला काय मिळेल, यातलं काहीच मोजलं नाही.

म्हणून कुंड्या रिकाम्या करू नका. मका जमिनीलगत कापा, मुळं तशीच ठेवा. झाडं ६५ ते ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून तोला. मातीची ओल काढायला जी १०५ अंशांची भट्टी वापरतो तीत झाडं घालू नका, ही चूक दरवर्षी कोणीतरी करतंच. मग त्याच कुंड्यांमध्ये मुळा पेरा, कशालाही काही न देता. पाच आठवड्यांनी पुन्हा कापा, पुन्हा तोला. जमल्यास तिसऱ्यांदा. पुढे कोण जाईल? भुसा आता कुजत आला असेल, अडकलेलं नत्र सुटायला लागलं असेल, म्हणून कंपोस्ट वर येण्याची शक्यता आहे. पण कदाचित भुसा हट्टी निघेल आणि दुसरं पीकही पिवळं पडेल. मी पैज लावणार नाही. तुम्हीही मुलांसमोर लावू नका, नाहीतर परत कोणीतरी तुमची पैज जिंकून देईल.

पुढच्या सत्रात हाच प्रयोग करताना प्रत्येक कुंडीखाली बशी ठेवा. आठवड्यातून एकदा प्रत्येक कुंडीला मोजून सारखं पाणी द्या, खाली थोडं निघेल इतकं, आणि निघालेलं पाणी मोजून बाटलीत भरा. मत्स्यपेटीच्या पाण्यासाठी नायट्रेट तपासायच्या पट्ट्या मिळतात, त्या चालतात. समजा पट्टीने लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रेट दाखवलं आणि पाणी निघालं २०० मिलिलिटर, तर २० मिलिग्रॅम नायट्रेट वाहून गेलं. पण ते नायट्रेट आहे, नत्र नाही. ४.४३ ने भागलं की नत्र मिळतं, साडेचार मिलिग्रॅम. हा भागाकार विसरून मुलं एकदम चौपटीहून जास्त गळती दाखवतात आणि घाबरून जातात. आणखी एक मेख अशी की युरियाचं नायट्रेट व्हायला दिवस लागतात. पहिल्याच आठवड्यात पट्टी कोरी दिसली म्हणून गळती नाही असं होत नाही, युरिया जसाच्या तसाही वाहून जाऊ शकतो आणि पट्टीला तो दिसत नाही. निदान चार आठवडे मोजा.

मग ताळेबंद मांडा. दिलं किती, पिकात गेलं किती, पाण्यातून गेलं किती. बेरीज जुळणार नाही, आणि ती मुद्दाम जुळवायची नाही. जे सापडत नाही ते कुठे गेलं, यावर मुलांना बोलू द्या. काही मातीत असेल, काही अमोनिया होऊन उडालं असेल, थोडंसं नायट्रस ऑक्साइड होऊन, आणि ते थोडंसंही हलकं नाही, कारण शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. युरिया बनवायला लागलेली ऊर्जा कुंडीत दिसत नाही. पण कंपोस्टचा हिशोबही त्याच कडकपणाने करा. पाला आणला कुठून? दुसऱ्या जमिनीवरून गोळा केला असेल, तर तिथलं नत्र, स्फुरद, पालाश उचलून इथे आणलं. आपली कुंडी सुधारली आणि तिथली माती तेवढी उपाशी राहिली. शाश्वत शेतीच्या वर्गात हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

ताळेबंदाची गोष्ट निघालीच आहे तर सतराव्या शतकातल्या व्हॅन हेलमाँट या शास्त्रज्ञाच्या विलोच्या झाडाची गोष्ट मुलांना जरूर सांगा. त्याने २०० पौंड वाळवलेल्या मातीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांवर गेलं, माती घटली जेमतेम दोन औंस. त्यावरून त्याने ठरवलं की झाड पाण्याचंच बनतं. हे १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापून आलं. मोजमाप इतकं काटेकोर आणि निष्कर्ष साफ चुकीचा, कारण हवा त्याच्या तराजूत बसत नव्हती आणि ते दोन औंस त्याने सोडून दिले. वर्गाला विचारा, त्या दोन औंसांत काय काय असेल?

काळाच्या मुद्द्यावर एक जुना, चालू असलेला प्रयोग मदतीला घ्या. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडला ब्रॉडबाल्क नावाचं शेत आहे. लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये तिथे गव्हाचा प्रयोग सुरू केला, तो आजही चालू आहे. एका तुकड्याला काहीच नाही, एकाला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत, बाकींना वेगवेगळ्या प्रमाणात रासायनिक खतं. १८४९ मध्ये तर त्यांनी तुकड्यांखाली निचऱ्याच्या नळ्या घातल्या, म्हणजे तुमच्या बशीचाच मोठा भाऊ. मुलांना यातलं गैरसोयीचं सत्यही सांगा. पुरेशी रासायनिक खतं दिलेल्या तुकड्यांचं उत्पादन शंभरावर वर्षं शेणखताच्या तुकड्याच्या तोडीस तोड राहिलं. रसायनांनी जमीन लगेच मरते असं म्हणणाऱ्यांना हे ऐकवत नाही. आणि दुसरीकडे, शेणखताच्या तुकड्यातलं सेंद्रिय कर्ब रासायनिक तुकड्यांच्या दुपटीहून जास्त झालं. पण दरवर्षी दिलेल्या त्या शेणखतातल्या नत्राचा मोठा वाटा पिकाने घेतलाच नाही. दोन्ही बाजूंच्या घोषणा द्यायच्या असतील तर ब्रॉडबाल्क फार उपयोगाचं शेत नाही.

तिथेच १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर नावाचा तरुण संख्याशास्त्रज्ञ जुने आकडे तपासायला आला. कोणत्या तुकड्याला काय द्यायचं हे आपण ठरवायचं नाही, नशिबावर सोडायचं, हा नियम शेतीच्या प्रयोगांत रुजवला तो त्याने. तुमच्या वर्गात हे चिठ्ठ्यांनी होतं. कुंड्यांना क्रमांक, टोपीत चिठ्ठ्या, निघेल तिथे ती कुंडी. मुलांना हा पोरखेळ वाटतो. मलाही वाटायचा. नव्याने शिकवायला लागलो तेव्हा आच्छादनाचा एक प्रयोग केला होता. आच्छादनाच्या कुंड्या एका रांगेत, उघड्या मातीच्या दुसऱ्या रांगेत, दिसायला कसं नीटनेटकं! आच्छादनवाली झाडं दणदणीत वाढली. मी मोठ्या ऐटीत विभागापुढे सादर केलं. नंतर कुंड्या आवरताना प्रयोगशाळेतले मामा सहज म्हणाले, "सर, ही रांग खिडकीची ना? इथे ऊन दुपारपर्यंत असतं." मी एका सत्रभर उन्हाचा प्रयोग केला होता आणि नाव आच्छादनाचं दिलं होतं.

यावरून तुमच्या नऊ गटांकडे. नऊ गटांना नऊ विषय दिले, म्हणजे नऊ प्रयोग आणि प्रत्येकाचं रेप्लिकेशन, म्हणजे तीच गोष्ट अनेक कुंड्यांत करून बघणं, जेमतेम. एका कुंडीत उंदीर शिरला की प्रकल्प संपला. नऊही गटांना एकच प्रयोग द्या. प्रत्येक गटाकडे सगळ्या ट्रीटमेंटची, म्हणजे मातीला जे जे देऊन बघायचं त्या प्रत्येकाची, एकेक कुंडी, जागा चिठ्ठ्या टाकून. गट म्हणजे एक ब्लॉक. एखाद्या गटाने पाणी जास्त घातलं तरी त्याच्या सगळ्याच कुंड्यांना जास्त गेलं, तुलना शाबूत राहते. सत्राच्या शेवटी तुमच्याकडे नऊ रेप्लिकेशनचा खराखुरा प्रयोग असेल. कुंड्यांचा हिशोबही जमतो: काहीच नाही, युरिया, कच्चं कंपोस्ट, पक्कं कंपोस्ट, पक्कं कंपोस्ट अधिक निम्मा युरिया. पाच ट्रीटमेंट, ४५ कुंड्या, उरलेल्या पंधरा मोडतोडीला. या शेवटच्या ट्रीटमेंटकडे माझं विशेष लक्ष असेल. या विषयावरच्या चर्चेत हे की ते असंच बोललं जातं, दोन्ही मिळून काय होतं ते थोडेच जण बघतात.

पक्कं कंपोस्ट ओळखायचं कसं? नाकाने बरंचसं कळतं. अमोनियाचा किंवा आंबट वास आला तर ते कच्चं. ढीग उलथल्यावर परत तापत असेल तर कच्चं. शिवाय कंपोस्ट पाण्यात भिजवून, गाळून त्या पाण्यात टिपकागदावर मुळ्याची २५ बियाणी उगवत घाला, शेजारी साध्या पाण्यातली २५. पाच दिवसांनी कोंब मोजा, मुळांची लांबी मोजा. मात्र ही चाचणी कंपोस्टमधलं विष दाखवते, त्याची नत्राची भूक दाखवत नाही. तुमच्या भुशाचं कंपोस्ट या चाचणीत कदाचित पासही झालं असतं.

कुंड्या वाढत असताना मधल्या आठवड्यांत काय, तर माती. एका दुपारचा प्रयोग सांगतो, माझा फार लाडका. इमारतीमागच्या तुकड्यात जिथे नेहमी खणणं-नांगरणं होतं तिथली एक ढेकळी आणि चार पावलांवर कुंपणाच्या कडेची, गवताखालची, कोणी कधी न उकरलेली एक ढेकळी घ्या. दोन्ही लिंबाएवढ्या. दोन दिवस सावलीत पूर्ण वाळवा. दोन उंच काचेच्या भांड्यांत पाणी, तोंडाशी तारेची जाळी अशी वाकवून बसवा की ढेकळी पाण्यात बुडेल पण तळाला जाणार नाही. दोन्ही एकदम सोडा आणि वर्गाला गप्प राहायला सांगा. आधी बुडबुडे येतात. नांगरलेली ढेकळी कडेने विरघळायला लागते, मग तिचा एक तुकडा सुटतो, धुरासारखा गढूळ पट्टा खाली उतरतो, आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांत जाळीवर जेमतेम काही खडे उरतात. गवताखालची तशीच बसलेली असते, पाणी नितळ. पाणी आत शिरताना कोरड्या ढेकळीत कोंडलेली हवा ती फोडू बघते. ढेकळी तगते ती मुळांचे स्राव, बुरशीचे धागे आणि सूक्ष्मजीवांचा डिंक यांच्यामुळे. नांगर ते धागे तोडतो आणि त्या डिंकाचं अन्न हवेवर जाळून टाकतो.

हेही हमखासच झालं की, असं म्हणाल. प्रात्यक्षिक म्हणून हो. प्रयोग करायचा तर पुढे जा. किती वर्षं न नांगरता राहिली की ढेकळी तगायला लागते? आपल्या ४५ कुंड्यांमधल्या मातीत सत्राच्या शेवटी फरक पडलाय का? बहुधा फारसा नाही, आणि तेही एक उत्तरच. फक्त दोन्ही ढेकळ्या एकाच जातीच्या मातीच्या हव्यात. चिकणमाती आणि वाळूमिश्रित माती शेजारी ठेवून नांगराला दोष दिलेला मी पाहिलाय.

त्याच दोन जागी पाणी मुरण्याचा वेग मोजा. १५ सेंटिमीटर व्यासाचं, दोन्हीकडून उघडं नळकांडं जमिनीत थोडं ठोकायचं आणि त्यात ४४० मिलिलिटर पाणी ओतायचं. तो झाला २५ मिलिमीटर पाऊस. पहिलं पाणी माती भिजवायला, दुसऱ्यांदा घड्याळ लावायचं. जिथे पाणी मिनिटागणिक मुरतं आणि जिथे ते तासभर साचून राहतं, त्या दोन जागांमध्ये चार पावलांचं अंतर असतं, हे मुलांच्या लक्षात राहतं.

एक प्रयोग मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू करावा लागेल, नाहीतर सत्र हुकलं. हिरव्या चहाच्या आणि रुइबॉसच्या (चहासारखी उकळून पितात अशा एका आफ्रिकी झुडपाच्या पाल्याच्या) जाळीदार पिशव्या तोलून ८ सेंटिमीटर खोल पुरायच्या आणि ९० दिवसांनी काढून, वाळवून परत तोलायच्या. हिरवा चहा लवकर कुजतो, रुइबॉस सावकाश. दोघांच्या घटीवरून मातीत कुजण्याचा वेग आणि किती सेंद्रिय माल टिकून राहतो याचा अंदाज बांधता येतो. ही पद्धत २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि जगभर सारखीच वापरली जाते, म्हणून तुमचे आकडे इतरांशी ताडून बघता येतात. चौदा आठवडे म्हणजे ९८ दिवस, त्यामुळे हाताशी आठच दिवस. पुरलेल्या जागी खुंटी ठोका. पिशव्या न सापडणं हे या प्रयोगातलं सर्वांत मोठं नुकसान.

डाळवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठी कापून दाखवता येतात. आत गुलाबी असेल तर नत्र स्थिर होतंय, हिरवट-पांढरी असेल तर नाही. पण ते नुसतं दाखवून थांबू नका, निम्म्या झाडांना युरिया देऊन गाठी मोजायला लावा. तयार नत्र मिळालं की झाड गाठी कमी करतं. आंतरपिकाचे प्रयोग चौदा आठवड्यांत घाईचे होतात, वर्षभराचा प्रकल्प असेल तरच घ्या. नळ्या-दिवे लावलेले मातीविना शेतीचे मनोरे देखणे असतात आणि उद्‌घाटनाला बरे पडतात. विजेचा आणि पोषकद्रव्यांचा हिशोब मुलं लिहिणार असतील तरच त्यात मला रस आहे. थर्माकोलची मॉडेल्स बंद करा.

गुणांचं मात्र सत्राच्या आधी ठरवा. पहिल्या आठवड्यात प्रत्येक गटाने आपला अंदाज कागदावर लिहून, पाकिटात घालून, तुमच्याकडे द्यायचा. काय होईल आणि का. शेवटी पाकीट वर्गात उघडायचं. अंदाज चुकला म्हणून एकही गुण कापायचा नाही. चुकला कुठे ते नीट शोधलं तर जास्त द्यायचे. नोंदवही शाईच्या पेनाने, खोडलेलं वाचता येईल असं एका रेघेने खोडायचं, आणि आकडे कुंडीजवळ उभं राहून लिहायचे, वसतिगृहात जाऊन नाही.

आणि त्या गटाला नापास करू नका, पण बनावट तक्ता स्वीकारूही नका. त्यांना बोलवा आणि सांगा की खरा निकाल इतका मोलाचा आहे की तो परत लिहायला मी आठ दिवस देतेय. खरे आकडे, पिवळ्या पानांचे फोटो आणि 'असं का झालं असावं' याचं एक पान. कंपोस्टला युरिया देऊन बघायची तपासणी याच गटाकडे द्या. मागून प्रश्न विचारणाऱ्या मुलाला त्यांच्यात घाला. दुसऱ्या पिकाची, म्हणजे मुळ्याची, वजनं तोच घेईल. त्याला उत्तर तुम्ही द्यायची गरज नाही, त्याला पाच आठवडे आणि एक तराजू द्या.

आता उठून आधी कुंड्या बघून या, कोणी आवरल्या नाहीत ना. जागेवर असतील तर आजच लेबलं बदला. मार्करची अक्षरं ऊन-पाण्याने महिन्याभरात उडतात, कोणती कुंडी कशाची ते कळेनासं होतं. प्लॅस्टिकच्या पट्टीवर साध्या पेन्सिलीने लिहा, एक पट्टी वर खोचा आणि तशीच दुसरी मातीत पुरून ठेवा.